बॅकहँडसाठी लाँग पिंपल्स : बटरफ्लायचे ‘फेंट लाँग थ्री’

टेबलापासून मागे सरून बचाव करणाऱ्या टेबल टेनिसपटूंना बटरफ्लाय कंपनीचे, बॅटवर चिकटवायचे हे रबर मी मनापासून सुचवेन. याचे लांब, लवचिक दाणे, म्हणजेच लाँग पिंपल्स, चेंडू लागताच वाकतात आणि स्वतःची फिरकी फारशी देत नाहीत. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा जोरकस टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू) त्याच्याकडे बॅकस्पिन (मागच्या दिशेने फिरणारा चेंडू) होऊन परततो आणि बेसावध खेळाडूचा पुढचा फटका जाळ्यात जातो. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण जिंकणारी मणिका बत्राही बॅकहँडला लाँग पिंपल्सच वापरते, मात्र ती टेबलाजवळ उभी राहून खेळते. काही जण अशा रबराला फसवणूक म्हणतात; ते मला अन्यायाचे वाटते, कारण बॅटच्या दोन्ही बाजूंचे रंग नियमानेच वेगळे असतात आणि चेंडू कोणत्या बाजूने मारला हे प्रतिस्पर्ध्याला दिसते. संथ, फिरकी नसलेल्या चेंडूवर मात्र या रबराकडून फार अपेक्षा ठेवू नये.