ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळ वाऱ्यावर

दोन शहरांमधलं हवाई अंतर सांगणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. त्यांतली भरवशाची म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला जुनाट, पण फुकट, आणि हिशेब पक्का. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे: मुंबईचा बीओएम, टोकियो-नारिताचा एनआरटी. अंतर आधी मैलांत येतं. एकक बदलून किलोमीटर करून घ्यावं. मधला थांबा असेल तर तिन्ही कोड ओळीने टाकले की बेरीज आयती मिळते.

मुंबई-दुबई सुमारे 1,925 किमी, मुंबई-सिंगापूर 3,920, मुंबई-नारिता 6,800 च्या आसपास. या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. शहराऐवजी विमानतळ निवडायला मात्र चुकू नका. नारिता आणि हानेदा दोन्ही टोकियोचेच म्हणवतात, पण एकाहून दुसऱ्याला जायचं तर रस्त्याने तासाच्या वर मोडतो.

गडबड वेळेत आहे. वेगाच्या रकान्यात ताशी 850 किमी भरलं तर नारिता बरोबर 8 तासांवर दिसतं. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं-उतरणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं यांतलं काहीच धरलेलं नसतं. त्यासाठी अर्धा तास वाढवायचा. मुंबईहून दुबईला किंवा सिंगापूरला एवढ्यावर ढोबळ अंदाज बसतो, पण वेळापत्रकातली वेळ यापेक्षाही थोडी सैलच असते.

नारिताला हे गणित फसतं. हिवाळ्यात जपानच्या दिशेने पश्चिमेकडून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जोरात वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे प्रवास 8 तासांच्या आसपास उरकतो. येताना तोच तोंडावर, म्हणून साडेनऊ ते दहा तास लागतात. अंतर तेच, पण परतीचा प्रवास दीड-दोन तासांनी लांबतो. जाण्याचा आकडा दुप्पट करून हिशेब मांडणारे इथेच चुकतात.

साइट नकाशावर दोन विमानतळांमध्ये जी रेघ काढते, तीही जशीच्या तशी खरी मानू नये. मुंबई-नारिताची रेघ पाटणा, सिलिगुडी, भूतानवरून तिबेटच्या आग्नेय टोकात शिरते. प्रत्यक्षात विमानं सहसा दक्षिणेकडून, म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताच्या बाजूने जातात. कारण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला झटपट 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे! एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली तरी तेच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून आखातात जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडला. मुंबई-दुबईचा मार्ग समुद्रावरूनच असल्याने त्याला झळ पोचली नाही. साइटला यातलं काही कळत नाही, आणि तिचा तसा दावाही नाही.

तेव्हा अंतर इथे बघा, वेळ कंपनीच्या वेळापत्रकातून घ्या, तीही जाण्याची आणि येण्याची वेगवेगळी. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास: मुंबईहून रात्री 8 ला निघून 8 तासांनी उतरलात तर तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. पुढची बुलेट ट्रेन पकडायची असेल तर इमिग्रेशन आणि सामानासाठी आणखी दीड तास हाताशी ठेवा.