ऑनलाइन मृत्युपत्र: फॉर्म झकास, चॅटवाले कच्चे

कोथरूडचा फ्लॅट हिला, भोरची जमीन दोन्ही मुलींना, एवढंच लिहायचं होतं. फॉर्म मराठीत, प्रश्न सरळ. सातबाऱ्यावरचा गट नंबरही विचारतात, हे आवडलं. पण शेवटी ‘आधारवर ई-सही करा’ असं बटण! ई-सहीला मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला लागूच होत नाही. चॅटवर विचारलं, तर म्हणे, “सर, चालतं.” डोंबल चालतं! सरळ प्रिंट काढली, पानापानावर पेनाने सही केली आणि शेजारचे काका-काकू साक्षीदार म्हणून समोर बसवले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक, स्टॅम्प पेपर नको. तरी बिलात स्टॅम्प पेपरचे पैसे होतेच. भांडून वजा करून घेतले. पाचपैकी तीन तारे, तेही फॉर्मसाठी.