प्लास्टर निघाल्यावर हात आखडलाय? गंगापूर रोडवरच्या या फिजिओथेरपी क्लिनिकला नक्की दाखवा

सरळच सांगते, नाशिकमध्ये कुणाचं हाड मोडून प्लास्टर निघालंय आणि हातपाय आखडलेत तर इथे दाखवाच. आमची आई ६४ वर्षांची, घाटाच्या पायऱ्यांवर घसरली, सावरायला हात टेकला आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडलं. या वयातल्या बायकांमध्ये हे खूप कॉमन आहे, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

प्लास्टर काढल्यावर हात बघून आई रडायलाच लागली. कातडीचे पोपडे निघत होते, कोपराखालचा हात एवढासा झालेला, मूठ वळेना. आधी घराजवळ एका ठिकाणी नेलं तर तिथे रोज मशीनवर शेक देऊन पाठवून द्यायचे, विचारलं तर "होईल हळूहळू". शेकाने दुखणं तेवढ्यापुरतं थांबायचं, बोटं होती तिथेच.

इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. आधी एक्स-रे लाईटसमोर धरून आईलाच दाखवला, काकू हे बघा, मोडलं तिथे आधी रक्त गोठतं, मग मऊ भराव तयार होतो, मग त्याचं हाड होतं, तुमचं जुळलंय आता, पण पुढचे कित्येक महिने शरीर त्याला आतून घासूनपुसून नीट करत राहणार. आणि हाडाला काम दिलं तरच ते मजबूत होतं, नुसतं जपून ठेवलं तर उलट कमजोर होतं. पोपड्यांचं पण सांगितलं, कातडीचा नवीन थर खालून सतत येतच असतो, वरचा मेलेला थर एरवी अंघोळीत, कपड्यांना घासून निघून जातो, प्लास्टरमध्ये जायला जागाच नाही म्हणून साचला, खरवडू नका, कोमट पाण्याने धुवा आणि खोबरेल तेल लावा. आणि हात बारीक झाला कारण वापर नसला की स्नायूंचे धागे बारीक होतात, काम द्यायला लागलं की परत भरतात.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. मॅडमनी आईचा चांगला हात तिच्याच दुखऱ्या हाताच्या कोपराखाली ठेवला आणि म्हणाल्या आता बोटं हलवा. हलली थोडीशीच, पण कोपराजवळ काहीतरी सरकतंय हे आईला स्वतःच्या हाताला कळलं! बोटांमध्ये म्हणे बोट वाकवणारे स्नायूच नसतात, ते असतात वर कोपराखाली आणि तिथून कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट दोर) मनगटातून बोटांपर्यंत जातात. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून मूठ वळायला एका बाजूचे आणि उघडायला दुसऱ्या बाजूचे, दोन्हीकडचा व्यायाम पाहिजेच. हे कळल्यापासून आईची भीती गेली, दुखलं की हाड परत मोडतंय असं तिला वाटायचं ते बंद झालं आणि घरी न सांगता व्यायाम करायला लागली. माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं.

व्यायाम पण आपल्या घरातलेच, टॉवेल पिळणं, कणीक मळणं, कुलपात किल्ली फिरवणं, सुट्टे पैसे घेतो तसा तळवा वर करणं (हा सगळ्यात जड गेला, कारण त्यात कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून फिरतात). आता बाजरीची भाकरी थापते, जरा लहान थापते पण थापते. रोज कोवळं ऊन नको, जरा वर आलेलं ऊन हातापायांवर घ्या असंही सांगितलंय, ड जीवनसत्त्व कातडीतच तयार होतं आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही.

कमी काय ते पण सांगते. पार्किंग अजिबात नाही, संध्याकाळी बाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि वेटिंग खूप, कारण त्या कुणालाच घाईघाईत उरकत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला सकाळीच न्या. एक्स-रे आणि ऑर्थोच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, ती बघितल्याशिवाय मॅडम वजनाचा व्यायाम सुरू करत नाहीत आणि ते बरोबरच आहे.