सायकलच्या बी.बी.मध्ये ‘सिरॅमिक’ बेअरिंग टाकण्यापूर्वी हे वाचा

गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या सायकलच्या बॉटम ब्रॅकेटमधून, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा (क्रँकचा) आस फ्रेममध्ये ज्या बेअरिंगांवर फिरतो आणि दुकानात ज्याला सगळे नुसते ‘बी.बी.’ म्हणतात त्या भागातून, कर्रकर्र आवाज येऊ लागला. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, वाळूजच्या पुढील एका गावातील शाळेत शिकवतो आणि आठवड्यातील चार दिवस शाळेत सायकलने जातो. रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत जाण्याचा नेम आहे. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल चाकावरून थेट क्रँकच्या मुळाशी उडतो आणि वाळला की त्याचीच बारीक भुकटी बेअरिंगच्या फटीत शिरते. तीन वर्षे चाललेले बेअरिंग गेले, यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तक्रार आहे ती त्याच्या जागी मला जे विकले गेले त्याबद्दल.

शहरातील एका मोठ्या, चकचकीत दुकानात मी सायकल नेली. साधा मूळ कंपनीचा सेट साधारण चौदाशे रुपयांना मिळतो, हे मला ठाऊक होते आणि मी तोच मागितला होता. परंतु दुकानदाराने एक काळा डबा पुढे केला आणि म्हणाला, “सर, साधं कशाला टाकता? हे इम्पोर्टेड सिरॅमिक आहे. एकदा टाकून घ्या, पाच वर्षं हात लावायचं काम पडणार नाही.” सिरॅमिक म्हणजे आतले छर्रे पोलादाऐवजी सिरॅमिकचे. सेटचे अडतीसशे रुपये आणि वर फ्रेमच्या ‘फेसिंग’चे सहाशे, असे एकूण चव्वेचाळीसशे रुपये त्याने सांगितले. फेसिंग म्हणजे फ्रेममधील बी.बी.च्या नळीची दोन्ही तोंडे हत्याराने तासून एकमेकांना समांतर करणे. ती तोंडे तिरकी राहिली तर दोन्ही बाजूंची बेअरिंगे एका रेषेत बसत नाहीत आणि लवकर झिजतात. ही गोष्ट खरी असल्यामुळेच मी त्या सहाशे रुपयांना हरकत घेतली नाही. सायकल आत नेली गेली, तासाभराने बाहेर आली, जुना सेट “भंगारात टाकला” असे सांगण्यात आले, आणि बिल म्हणून ‘बी.बी. सेट व काम – ४४००’ एवढेच लिहिलेली एक साधी चिठ्ठी हातात पडली. पैसे मी यूपीआयने दिले. डबा मागण्याचे मला सुचले नाही.

सात आठवड्यांत, म्हणजे जेमतेम नऊशे किलोमीटरनंतर, घाटात पेडलवर जोर दिला की डावीकडून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला आणि क्रँक धरून हलवली की बोटांना स्पष्ट खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवू लागला. माझा एक बालमित्र वाळूजच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात फिटर आहे. दिवसभर बेअरिंगे बदलणे हेच त्याचे काम. त्याच्या घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून आम्ही सेट उघडला.

पहिली गोष्ट कप, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते ती आट्यांची वाटी, काढताच दिसली. चेनव्हीलच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो आधी सोडवला आणि नंतर डावा. दोन्हीकडे नळीच्या तोंडावर कारखान्यातून आलेला रंग जसाच्या तसा होता. फेसिंग झाले असते तर तिथे उघडा, चकाकणारा धातू दिसायला हवा होता. सहाशे रुपयांचे काम झालेच नव्हते, आणि ते दाखवायला कोणतेही यंत्र लागले नाही.

मग त्याने कपातील बेअरिंगचे रबरी सील ब्लेडच्या टोकाने अलगद उचलले. बेअरिंगवर छापील अक्षरांत ‘२आरएस’ असे होते. या खुणेचा अर्थ दोन्ही बाजूंना रबरी सील असा असतो, आणि असे सील सर्वसाधारणपणे आतल्या रिंगला टेकलेले असते; तेच पाणी आणि धूळ अडवते. आमच्या समोरचे सील टेकलेच नव्हते. बेअरिंग खिडकीकडे धरले तर सील आणि रिंग यांच्या मधून बारीक उजेडाची रेघ दिसत होती. आत ग्रीस म्हणून तपकिरी रंगाचा एक पुसट थर होता आणि त्यात मातीचे कण होते. मित्राने कापसावर थिनर घेऊन बाहेरची रिंग पुसली, तर कंपनीचे नाव आणि क्रमांक दोन्ही कापसावर आले.

शेवटी त्याने एक छर्रा बाहेर काढला. रंगाने काळा, गुळगुळीत, पाहणाऱ्याला सिरॅमिकच वाटावा असा. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरला लावलेले छोटे चुंबक काढून जवळ नेले आणि छर्रा टुणकन उडी मारून त्याला चिकटला. “अरे, हे पोलादच आहे, वरून काळं केलेलं,” तो म्हणाला. बेअरिंगमध्ये वापरले जाणारे काळसर सिरॅमिक म्हणजे सिलिकॉन नायट्राइड. ते चुंबकाला अजिबात ओढले जात नाही, आणि त्याची घनता सुमारे ३.२ तर पोलादाची सुमारे ७.८ असल्यामुळे तो छर्रा हातालाही हलका लागतो. इथे एक काळजी घ्यावी लागते. सायकलसाठी मिळणाऱ्या बहुतेक सिरॅमिक बेअरिंगांच्या रिंगा पोलादाच्याच असतात, त्यामुळे अख्खे बेअरिंग चुंबकाला चिकटले म्हणून ते खोटे ठरत नाही. परीक्षा छर्ऱ्याची करायची असते.

बेअरिंगचे माप मात्र अचूक होते: आतून २५, बाहेरून ३७ आणि रुंदीला ७ मिलिमीटर, म्हणजे ६८०५ या क्रमांकाचे. ते कपात घट्ट बसले आणि पहिले काही दिवस सुरळीत फिरले, म्हणूनच मला शंका आली नाही. माप जुळणे आणि माल चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चव्वेचाळीसशे रुपये देऊन कळले.

माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलला कॉटर पिनचा एक्सल होता. दर दिवाळीला मिस्त्री आमच्या समोर कप उघडत असे, पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, रॉकेलच्या वाटीत धूत असे, खड्डे पडलेले बाजूला काढून नवे टाकत असे आणि बोटाने ग्रीस भरत असे. वडील शेजारी बसून छर्रे मोजत. त्या व्यवस्थेत झाकलेले काहीच नव्हते. आजचे बंद बेअरिंग निगराणीला सोपे आहे, पण आत काय आहे ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही, आणि नकली माल विकणाऱ्याचा सगळा धंदा या न दिसण्यावर चालतो.

मित्राने त्या संध्याकाळी जे सांगितले ते जसेच्या तसे नोंदवतो. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात बेअरिंग किती टिकेल हे छर्रे कशाचे आहेत यापेक्षा सील कसे आहे आणि ग्रीस किती व कोणते भरले आहे यावर जास्त अवलंबून असते. ‘झेडझेड’ किंवा ‘२झेड’ अशी खूण असलेल्या बेअरिंगला पत्र्याची झाकणे असतात. ती धूळ काही प्रमाणात अडवतात, पाणी नाही, म्हणून बी.बी.साठी ती घेऊ नयेत. बेअरिंगच्या एबीईसी या प्रतवारीचा मोठा आकडा दाखवून कोणी जास्त पैसे मागितले, तर तो आकडा मापाच्या अचूकतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही. खरे सिरॅमिक असले तरी त्याचे छर्रे पोलादापेक्षा कठीण असतात, त्यामुळे रिंग हलक्या प्रतीच्या पोलादाची असेल आणि आत माती शिरली तर आधी रिंगच खराब होते. आणि वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याचा फवारा बी.बी.वर कधीही मारू नये. चांगले सीलसुद्धा त्या दाबासाठी बनवलेले नसते.

मी सगळे सुटे भाग घेऊन दुकानात गेलो. “पाण्यातून चालवली असेल,” हे पहिले उत्तर आणि “पक्कं बिल आहे का?” हा दुसरा प्रश्न. चिठ्ठीवर ना दुकानाचे नाव होते, ना मालाचा क्रमांक, ना सिरॅमिक हा शब्द. यूपीआयच्या नोंदीवरून रक्कम सिद्ध होते, काय विकले ते होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ही माहिती त्यानंतर मी मिळवली. परंतु माझ्याकडचा पुरावा किती तोकडा आहे, हे त्याच वेळी लक्षात आले. पक्के बिल आणि डब्याचा एक फोटो असता, तर माझी बाजू वेगळी असती. आयात केलेल्या डबाबंद मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. त्या काळ्या डब्यावर ते होते की नाही, हे मी पाहिलेच नव्हते.

नंतर दुसऱ्या एका लहान दुकानातून पोलादी छर्ऱ्यांचा साधा सेट साडेचौदाशेला घेतला. डबा माझ्या समोर उघडला, बिलावर सेटचा क्रमांक लिहून घेतला, फेसिंग समोर उभे राहून करवून घेतले आणि जुने कप पिशवीत घालून घरी आणले. उरलेला पावसाळा आणि पुढचा उन्हाळा त्यावर काढला. अजून आवाज नाही.

गेल्या वर्षभरात ज्यांनी शहरात असा काळ्या छर्ऱ्यांचा सेट बसवून घेतला असेल, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला डावा कप आपल्यासमोर काढायला सांगावा आणि आधी नळीच्या तोंडावरचा रंग पाहावा. चुंबक खिशात असू द्यावे.