केपर घ्यावी की नेपती मुरवावी?

पास्ता किंवा सिसिलीची वांग्याची कापोनाता घरी करायला घेतली की गाडी केपरपाशी, म्हणजे त्या खारवलेल्या छोट्या कळ्यांपाशी, अडते. संभाजीनगरात मोठ्या दुकानांत बरणी मिळून जाते. बीड-परभणीकडे बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावी लागते. की बांधावरच्या काटेरी नेपतीच्या फळांवरच भागवावं? माझ्याकडे दोन्ही असतात, त्यावरून सांगतो.

दोन्ही एकाच कॅपॅरिस कुळातल्या. केपर ही न उमललेली कळी, नेपती हे कोवळं फळ. (आषाढी द्वादशीला उपवास सोडताना खातात ती वाघाटीसुद्धा याच घरातली.) कच्ची दोन्ही कडूजहर. मुरल्यावर मात्र मोहरीसारखा झणका येतो, कारण मोहरीतल्या तिखटपणाच्या जातीचंच द्रव्य यांच्यात असतं.

केपरचं मोठेपण मान्यच आहे. ७ मिलिमीटरच्या आतली बारीक कळी टिपून कोरडी करा आणि गरम तेलात सोडा: पाकळ्या सुटतात, कळी तेलातच उमलते आणि कुरकुरीत होते. नेपतीला हे जमत नाही. माशावर, लोणी-लिंबाच्या सॉसमध्ये केपरच हवी.

माझं घोडं अडलं ते व्हिनेगरपाशी. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बरण्या व्हिनेगरच्या खाऱ्या पाण्यातल्या. धुवा, भिजवा, पिळा, कळीच्या पोटातला व्हिनेगर काही जात नाही. टोमॅटोच्या दाट सॉसमध्ये तो खपतो. पण लसूण, शेंगदाण्याचं तेल आणि ज्वारीची भाकरी असं ताट असलं की घास तोंडात जायच्या आधी तो वास नाकात शिरतो. आपल्या जिभेला चिंचेचा, कैरीचा, ताकाचा आंबटपणा सवयीचा. हा मला तरी उपराच वाटतो. इटलीतल्या पँतेलेरिया बेटावरची असते तशी कोरड्या मिठातली केपर मिळाली तर प्रश्नच मिटतो, पण ती महाग आणि सहज हाती न लागणारी.

नेपतीचा त्रास वेगळा, पण एकदाच काय तो. काट्यांतून तोडायची, मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस ठेवायची, पाणी बदलत राहायचं. कडवटपणा थोडा उरतो, तो मला हवाच असतो. मग सुकवून मिठात. भाजलेल्या वांग्याच्या भरतात चार फळं चेचून घाला, वरून कच्चं तेल; वेगळं मीठ लागत नाही. कापोनातातही मी आता तीच घालतो, बारीक चिरून, म्हणजे बी दाताखाली येत नाही.

वर्षातून एखाद्या वेळीच लागणार असेल तर केपरची लहान बरणी घेतलेली बरी. घरात वांगी-टोमॅटो रोजचेच असतील तर उन्हाळ्यात बाजारात नेपती दिसली की घेऊन ठेवा. फक्त मटारच्या दाण्याएवढी, घट्ट हिरवी निवडा. लालसर झाक आली की आतलं बी टणक झालेलं असतं आणि ते कितीही मुरवलं तरी मऊ पडत नाही.