पीएमपीची हमी देणारे नेमके कुठे फसवतात

कोडिंग, टेस्टिंग किंवा सर्व्हर सांभाळण्यात काही वर्षं गेली की प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळावंसं वाटतं. अशा लोकांना ‘कोर्स, पीएमपी आणि नोकरी, तिन्हीची हमी’ विकली जाते, आणि पैसे भरून होईपर्यंत पात्रतेचा विषय निघत नाही.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट म्हणजे पीएमआय परीक्षा घेऊन देते. क्लासवाले फक्त त्यासाठी लागणारं 35 तासांचं प्रशिक्षण देऊ शकतात. चार वर्षांची पदवी असेल तर त्याशिवाय 36 महिने प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा अनुभव लागतो. क्लासच्या कागदावर ‘पीएमपी’ कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो, तो हजेरीचा पुरावा असतो. पीएमआयच्या यादीत नाव शोधलं की एचआरला ते लगेच कळतं.

खरा घात पुढे होतो. ‘परीक्षेचा अर्ज आम्ही भरतो’ असं म्हणून तयार प्रकल्प आणि भलत्याच मॅनेजरचं नाव टाकलं जातं. पीएमआय काही अर्ज ऑडिटसाठी, म्हणजे पडताळणीसाठी, निवडते. मग त्या मॅनेजरकडून अनुभवाला दुजोरा आणावा लागतो, पदवीची प्रत द्यावी लागते. खोटा अनुभव तिथेच अडकतो. अर्ज तुमच्या नावाचा असतो, त्यामुळे निस्तरायचं तुम्हालाच. भरून देणारा फोनसुद्धा उचलत नाही.

आणि वाईट याचं वाटतं की पुष्कळदा या खोट्याची गरजच नसते. पद मॅनेजरचं असायला हवं असा नियम नाही. डेटाबेस मायग्रेशनचं वेळापत्रक तुम्ही आखलं, कामं वाटून दिली, व्हेंडरचा पाठपुरावा केला, उशीर झाला तेव्हा क्लायंटला उत्तर दिलं, तर ते महिने धरता येतात. नुसतं कोड लिहिलेले महिने धरू नका. दोन प्रकल्प एकाच वेळी चालू असतील तर तो महिना एकदाच मोजायचा. प्रत्येक प्रकल्पाचं उद्दिष्ट, तुमची जबाबदारी आणि निष्पत्ती स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि त्या वेळच्या वरिष्ठांना आधी कळवून ठेवा. अनुभव खरोखरच कमी असेल तर पीएमआयचंच सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्र, कॅपम, आहे: 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभवाची अट नाही.

‘परीक्षेला न बसता पास’ म्हणणाऱ्याला लॉगिन, पासवर्ड, ओळखपत्र यांतलं काहीही देऊ नका. पीएमआय निकालात गुण किंवा टक्के देत नाही, त्यामुळे ‘आमच्या विद्यार्थ्याला 95 टक्के’ ही जाहिरात बघताच मागे फिरा.

परीक्षेचं शुल्क स्वतःच्या खात्यातून थेट पीएमआयकडे भरा. संस्था अधिकृत प्रशिक्षण भागीदार आहे का, हे तिच्या माहितीपत्रकावरून न ठरवता पीएमआयच्या संकेतस्थळावर पाहा. ‘पास होण्याची हमी’ म्हणजे पैसे परत की पुन्हा वर्गात बसण्याची मुभा, हे लेखी घ्या. नोकरीची हमीही बरेचदा एखादी मुलाखत ठरवून देण्यापुरतीच निघते. ‘सोपे हप्ते’ हे कित्येकदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ते कापले जातात. सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याचं नाव आणि रद्द करण्याची मुदत वाचा. पैसे गेलेच असतील तर सगळे मेसेज आणि पावत्या जपून ठेवा, पासवर्ड बदला, आणि कार्डाने भरले असल्यास बँकेकडे लगेच हरकत नोंदवा.