मुंबई–नागपूर: विमानाचा दीड तास की दुरांतोची रात्र?

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर. विमान प्रत्यक्ष हवेत असतं तास-सव्वा तास, तिकिटावर मात्र दीड तास किंवा त्याहून थोडं जास्त लिहिलेलं असतं. रेल्वेने भुसावळ-वर्ध्यावरून हेच अंतर ८३७ किलोमीटर भरतं आणि दुरांतोला अकरा तास लागतात. कागदावर प्रश्न इथेच मिटतो. माझं सासर नागपूरचं, त्यामुळे दोन्हींनी भरपूर फिरलोय, आणि माझ्या मते तो इतक्यात मिटत नाही.

नागपूरच्या बाजूला विमानच सरस, हे आधी मान्य करतो. सोनेगावला उतरलं की सामान घेऊन धरमपेठेत पोचायला फार वेळ लागत नाही.

अडतं ते मुंबईत, आणि तेही परतताना. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत नंबर लागेपर्यंत विमान वरच घिरट्या घालतं. नागपूरहून वेळेवर निघालेलो, उतरायची तयारी झालेली, पट्टे बांधलेले, आणि खिडकीतून तीच डोंगररांग पुन्हा दिसायला लागते. किती वेळ, ते कोणी नक्की सांगत नाही. उतरल्यावर विमान जागेवर लागेपर्यंत थांबा, मग बॅगा, मग टॅक्सीची रांग, मग परळपर्यंतचा रस्ता. दीड तासाच्या प्रवासात माझी अख्खी संध्याकाळ जाते आणि त्या वेळात धड झोपही होत नाही, कामही होत नाही. मला विमान नकोसं झालं ते एवढ्याच कारणाने.

दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. परळहून लोकलने तिथे पोचायला वीस मिनिटं पुरतात. जेवण होतं, कसारा घाट चढेपर्यंत गप्पा होतात, मग झोप. जाग येते तेव्हा वर्धा जवळ आलेलं असतं. गाडीला अर्धा तास उशीर झाला तरी तो झोपेतच जातो. सासरी पोचतो तेव्हा तर्री-पोह्यांची वेळ झालेली असते आणि पूर्ण दिवस हातात असतो. परतीलाही तसंच, सकाळी मुंबईत उतरून थेट कामावर जाता येतं. साइड बर्थ आला तर उंच माणसाला अवघड जातं, एवढं खरं.

अंधेरी-विलेपार्ल्यात राहत असाल, किंवा सकाळी जाऊन रात्री परतायचं असेल, तर विमानच घ्या. तातडीच्या दुखण्या-खुपण्यालाही तेच. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण ७०१ किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला झोप कुठली?

बाकीच्यांनी निदान एकदा रात्रीची गाडी धरून पाहावी, असं मला वाटतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा जायचं असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढा.